नान्नज आणि मंगळवेढ्याच्या सापसुरळ्या: 4 टक्के फरक म्हणजे नवी जात का?

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सोलापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताय. नान्नजकडच्या मुरमाड माळाजवळ रस्त्यावर मेलेल्या तीन सापसुरळ्या आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नांगरटीत मेलेल्या दोन, अशा पाच नमुन्यांचे शेपटीचे तुकडे तुम्ही जपून ठेवले आणि मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचा डीएनए असलेल्या घटकातलं) 16एस जनुक वाचून घेतलं. माळावरच्या फिकट, काळ्या रानातल्या गडद, आणि जनुकातला फरक साधारण 4 टक्के. त्यातच ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी सापसुरळ्यांवरचं संशोधन तुमच्या वाचनात आलं. तिथे एक जात समजलेल्या प्राण्याच्या पुढे अनेक जाती निघाल्या. म्हणून तुम्ही विचारताय: आपल्याकडेही नवी जात आहे का, आपल्या सापसुरळ्यांचं त्या वाळवंटातल्यांशी नातं काय, आणि प्रबंधात नेमकं काय लिहू?

मी बरीच वर्षं सरडे आणि सापसुरळ्यांच्या वंशावळी लावण्याचं काम करतोय. काही महिने रानात, उरलेले प्रयोगशाळेत आणि संगणकापुढे. त्या अनुभवावरून सांगतो. 'नवी जात आहे का' याच्या आधी एक प्रश्न सुटायला हवा, आणि सगळं त्याच्यावर अडलंय. नान्नज आणि मंगळवेढा यांच्या मधल्या पट्ट्यात, रस्त्याने सत्तरएक किलोमीटरच्या अंतरात, राहणाऱ्या सापसुरळ्या कशा आहेत? पाच नमुन्यांत याचं उत्तर नाही. ते मिळत नाही तोवर 4 टक्के हा आकडा ना नव्या जातीच्या बाजूने बोलतो, ना विरुद्ध.

पण त्याच्याही आधी ओळख पक्की करा. जनुक हातात आलं की खवल्यांकडे दुर्लक्ष होतं, हे मी अनेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलंय. आपल्या भागात युट्रॉपिस या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींचा गट) निदान दोन जाती सर्रास दिसतात: कॅरिनाटा आणि मॅक्युलारिया. कॅरिनाटा अंगाने बरीच मोठी, बांधावर, घराच्या आवारात, कडब्याच्या गंजीपाशी दिसणारी. मॅक्युलारिया लहान आणि सडपातळ. विणीच्या काळात नराचा गळा आणि बाजू तांबूस-नारिंगी होतात. कॅरिनाटाचं पिल्लू आणि मॅक्युलारियाची मोठी मादी आकारावरून सहज चकवतात. म्हणून पाठीवरचा खवला भिंगाखाली बघा. उजेड वरून नको, बाजूने तिरपा पाडा. मग खवल्यावर लांबीच्या दिशेने उठलेल्या बारीक धारा सावलीमुळे स्पष्ट दिसतात. कॅरिनाटात त्या बहुधा तीन, क्वचित पाच. मॅक्युलारियात बहुधा पाच ते नऊ. एका खवल्यावर थांबू नका. पाठीच्या मध्यावरचे बरेच खवले बघा आणि अंगाच्या मधोमध खवल्यांच्या किती ओळी आहेत तेही मोजा. मग खालची पापणी बघा. ती खवल्यांनी झाकलेली आहे, की तिच्यात पारदर्शक खिडकी आहे? उत्तर भारतात आणि पाकिस्तानात आढळणाऱ्या युट्रॉपिस डिसिमिलिसला अशी खिडकी असते. खवले अगदी गुळगुळीत, पाय तोकडे आणि पिल्लाची शेपटी लाल असेल, तर प्राणी रिओपा जीनसमधला आहे आणि मग सगळी चर्चाच बदलते.

रंगाबद्दल सावध राहा. उन्हात वाळलेल्या, गाडीखाली आलेल्या प्राण्याचा रंग भरवशाचा नसतो, आणि अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर तो आणखी उतरतो. तुमच्या तिन्ही फिकट सापसुरळ्या रस्त्यावर पडलेल्या होत्या, दोन्ही गडद मातीत गाडल्या गेलेल्या होत्या. हा योगायोग नजरेआड करू नका. ताजे किंवा जिवंत असतानाचे फोटो असतील तरच रंगावर बोला.

जिवंतपणीही रंग खरोखरच वेगळा असला तरी त्याचा अर्थ जपून लावायला हवा. पांढुरक्या मुरमावर गडद आणि काळ्या मातीवर फिकट प्राणी शिक्र्याच्या नजरेत लगेच येतो, त्यामुळे नैसर्गिक निवड रंगावर फार जोराने काम करते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात व्हाइट सँड्स नावाचा पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या वाळूचा प्रदेश आहे. तिथे तीन वेगवेगळ्या प्रकारचे सरडे फिकट, जवळजवळ पांढरे झाले आहेत, आणि त्या वाळूच्या टेकड्यांचं वय आहे जेमतेम दहा हजार वर्षांच्या आसपास. त्यांपैकी दोघांत रंगद्रव्याशी संबंधित एमसी1आर या जनुकातले बदल सापडले. म्हणजे बाकीच्या जनुकांची देवाणघेवाण चालू असतानाही एखाद्या जनुकाच्या जोरावर रंग वेगळा होऊ शकतो, आणि तोही भूशास्त्राच्या हिशेबाने चुटकीसरशी.

आता नात्यागोत्याचं. सोलापूर कोरडं आहे, मे महिन्यात पारा 42-44 अंशांवर जातो, पण ते वाळवंट नाही. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी पडतो. शास्त्रीय भाषेत आपला भाग निमशुष्क. त्यामुळे प्रबंधात 'वाळवंटी सापसुरळी' हा शब्द आपल्या प्राण्यासाठी वापरू नका. तरीही वाळवंटातल्या सापसुरळ्यांशी तुलना करण्यात अर्थ आहे, कारण नातं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा रंजक आहे.

सापसुरळ्यांचं कुल सरड्यांच्या सगळ्यात मोठ्या कुलांपैकी एक आहे, 1,700 पेक्षा जास्त जातींचं. त्याच्या एका मोठ्या शाखेत सहारा आणि अरबस्तानातली वाळूत पोहणारी स्किंकस येते, आणि थरच्या वाळूत राहणारी ऑफिओमोरसही. (युनानी औषधांत 'रेगमाही' म्हणून विकली जाते ती हीच मंडळी.) दुसऱ्या मोठ्या शाखेत ऑस्ट्रेलियातल्या टेनोटस, लेरिस्टा, लिओफोलिस येतात, आणि आपली युट्रॉपिसही त्याच शाखेत बसते. थर आपल्याला जवळ, ऑस्ट्रेलिया समुद्रापार. पण वंशाच्या हिशेबाने नान्नजची सापसुरळी ऑस्ट्रेलियाच्या मध्यावर लाल वाळूत बिळं करणाऱ्या लिओफोलिसला जवळची आहे आणि थरच्या ऑफिओमोरसला दूरची. नकाशावरचं अंतर आणि वंशातलं अंतर यांची गल्लत इथे सहज होते.

युट्रॉपिसचा स्वतःचा इतिहासही सांगायला हवा. 2002 पर्यंत आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या अशा साऱ्या सापसुरळ्या माबुया या एकाच जीनसमध्ये कोंबलेल्या होत्या. दिसायला सारख्या, म्हणून एक. डीएनए पाहिल्यावर त्या चार वेगळ्या शाखा असल्याचं दिसलं आणि आशियातल्यांना युट्रॉपिस हे नाव परत मिळालं. पुढे 2012 मध्ये भारतातल्या युट्रॉपिसची वंशावळ प्रसिद्ध झाली. तीनुसार त्यांचे पूर्वज आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथे आल्यावर त्यांच्या अनेक जाती झाल्या. महाराष्ट्राचा धागाही यात आहे: युट्रॉपिस अल्लापल्लेन्सिस ही जात 1926 साली गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नावाने वर्णन केली गेली.

वाळवंटातल्या सापसुरळ्यांकडून आपण काय शिकायचं? माझ्या मते सगळ्यात मोठा धडा असा, की शरीराचा आकार वंशाबद्दल बेधडक चुकीची साक्ष देतो. सहारात लांबट अंगाच्या, पाचरीसारख्या तोंडाच्या, वाळूत घुसणाऱ्या काही सापसुरळ्यांना स्फेनॉप्स असा स्वतंत्र जीनस दिलेला होता. 2008 च्या अभ्यासात त्या कॅल्सिडिस या जीनसच्या आतच निघाल्या, आणि त्यासुद्धा सगळ्या एका फांदीवर नव्हत्या. वाळूत राहायला गेलेल्या वेगवेगळ्या वंशांना वाळूने एकच आकार दिला होता. ऑस्ट्रेलियातल्या लेरिस्टात हे आणखी ठळक दिसतं. या जीनसमध्ये पाच बोटांच्या चार पायांपासून ते अजिबात पाय नसलेल्या, सापासारख्या अंगापर्यंत सगळ्या पायऱ्या आजही जिवंत आहेत, आणि पाय जाण्याची ही प्रक्रिया एकदाच झालेली नाही. वेगवेगळ्या फांद्यांवर ती स्वतंत्रपणे घडली. काही ठिकाणी पाच बोटांपासून बिनपायापर्यंतचा प्रवास अवघ्या 36 लाख वर्षांत झाला असावा, असा 2008 मधल्याच एका अभ्यासाचा अंदाज आहे. उत्तर अमेरिकेतल्या प्लेस्टिओडॉनमध्ये तर 'गिल्बर्टी' नावाने ओळखला जाणारा मोठ्या अंगाचा प्रकार लहान अंगाच्या पूर्वजांपासून एकाहून अधिक वेळा तयार झाला आहे. म्हणजे त्या नावाखाली जे प्राणी एकत्र ठेवले होते, ते एकमेकांचे सख्खे नव्हतेच.

तुम्ही वाचलेलं बहुधा टेनोटसबद्दलचं असावं. शंभरावर जातींचा हा जीनस. एरिक पियांका या सरड्यांच्या अभ्यासकांनी 1960 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात काम करून दाखवलं की एकाच ठिकाणी याच्या सात-सात जाती शेजारी शेजारी राहतात. इतक्या जाती एकत्र कशा नांदतात, हा प्रश्न पुढे कित्येकांनी उचलला. मग जनुकं आली. 2014 मध्ये टेनोटस इनोर्नाटसच्या गटावर जे काम झालं ते तुम्ही मुद्दाम नीट वाचा. रंग-पट्ट्यांवरून दिलेली नावं आणि मायटोकॉन्ड्रियावरून काढलेल्या वंशावळीच्या फांद्या यांचा मेळ बसेना: एका नावाचे प्राणी वेगवेगळ्या फांद्यांवर, आणि वेगवेगळ्या नावांचे प्राणी एका फांदीवर. 'एकाच्या अनेक जाती निघाल्या' एवढंच सांगितलं जातं तेव्हा ही दुसरी बाजू मागे राहते. जनुकं कधी जाती वाढवतात, कधी कमी करतात, आणि निकाल लागेपर्यंत आपण दोन्हींसाठी तयार असायला हवं.

आता तुमच्या 4 टक्क्यांकडे येतो. कुठलं जनुक, यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो. 16एस तुलनेने सावकाश बदलतं. एनडी2 हे मायटोकॉन्ड्रियातलंच दुसरं जनुक बरंच भराभर. एनडी2 मध्ये 4 टक्के फरक एकाच जातीच्या दोन दूरच्या वस्त्यांत सहज मिळू शकतो, 16एस मध्ये तेवढा फरक जास्त लक्षवेधी आहे. म्हणून तुमची उत्सुकता मला पटते. पण इतक्या टक्क्यांच्या वर वेगळी जात आणि खाली तीच, अशी रेषा सापसुरळ्यांत कुणीही ओढलेली नाही. कालगणनेचंही तेच. एनडी2 साठी सरड्यांमध्ये वापरला जाणारा दर, दोन वंशांमध्ये दहा लाख वर्षांना सुमारे 1.3 टक्के फरक, हा आगामिड म्हणजे वेगळ्याच कुलातल्या सरड्यांच्या एका गटावरून आलेला आहे. तो 16एस ला लावून 'तीस लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या' असं कृपया लिहू नका.

शिवाय मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. एखाद्या घराण्याची वंशावळ नुसती आई-आजी-पणजी अशी लावली, तर बापाकडचं सगळं गोत त्यातून गळून पडेल. इथेही तसंच होतं. माद्या जागेला धरून राहत असतील आणि नर दूरवर जात असतील, तर आईच्या जनुकात दोन गट लख्ख वेगळे दिसतात आणि बाकीची जनुकं मात्र आरामात मिसळत राहतात. उलटही घडतं: दोन जातींत पूर्वी कधीतरी संकर झाला, तर एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरून तिथेच राहतो. यावर उपाय एकच, न्यूक्लिअर जनुकं, म्हणजे पेशीकेंद्रातली, आईबाप दोघांकडून येणारी. आरएजी1 किंवा सी-मॉससारखी दोन-तीन जनुकं वाचली तरी सुरुवात होते, पण ती फार सावकाश बदलतात आणि जवळच्या वस्त्यांमध्ये अनेकदा काहीच फरक दाखवत नाहीत. पैसे आणि सहकारी मिळाले तर जीनोमभर विखुरलेले हजारो एसएनपी (डीएनएमधल्या एकेका अक्षराचे फरक) वाचणारी पद्धत आज सगळ्यात उपयोगी. एम.एस्सी.च्या प्रबंधात हे जमेलच असं नाही. ते खर्चावर आणि प्रयोगशाळेवर अवलंबून आहे.

एक तांत्रिक तपासणी मात्र आजच करा. तुमच्या सिक्वेन्सच्या (वाचलेल्या डीएनए-अक्षरांच्या ओळीच्या) मूळ आलेखात एकाच जागी दोन शिखरं एकमेकांवर चढलेली दिसतात का? मेलेल्या, कुजायला लागलेल्या ऊतीतून काम करताना मायटोकॉन्ड्रियाची न्यूक्लिअसमध्ये जाऊन बसलेली जुनी नक्कल पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) उचलली जाऊ शकते. 16एस मधून प्रथिन तयार होत नसल्याने मधेच आलेल्या स्टॉप कोडॉनवरून (प्रथिन इथे संपलं, या खुणेवरून) ती पकडता येत नाही. एनडी2 मध्ये येते. म्हणून त्याच पाच नमुन्यांचं एनडी2 ही वाचून घ्या. दोन्ही जनुकांनी एकच गोष्ट सांगितली तर पाया पक्का. आणि जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात) ताडून पाहताना पहिल्या क्रमांकावर जे नाव येईल ते अंतिम धरू नका. तिथे चुकीच्या नावाने जमा केलेले सिक्वेन्स भरपूर आहेत. ज्यांच्यासोबत संग्रहालयातल्या नमुन्याचा क्रमांक आणि ठिकाण दिलंय, त्यांनाच वजन द्या.

आतापर्यंतचं एका दमात: ओळख खवल्यांवरून पक्की करा, रंगावर विसंबू नका, 16एस च्या जोडीला एनडी2 आणि जमलं तर न्यूक्लिअर जनुकं घ्या. हे सगळं केलं तरी मूळ प्रश्न शिल्लक राहतो, तो मधल्या पट्ट्याचा. मला सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय.

समजा एखादी जात नान्नजपासून मंगळवेढ्यापर्यंत सलग पसरलेली आहे. सापसुरळी काही शेकडो मीटरच्या आतबाहेरच आयुष्य काढते, त्यामुळे जनुकं एका वस्तीतून शेजारच्या वस्तीत, तिथून पुढच्या, अशी हळूहळू सरकतात. परिणामी जितकं अंतर जास्त तितका फरक जास्त. अशा सलग साखळीची फक्त दोन टोकं तुम्ही तपासलीत, तर ती दोन वेगळ्या जातींसारखीच दिसणार. मधले दुवे तपासले की चित्र पालटतं: प्रत्येक शेजारी जवळजवळ सारखा आणि कुठेही तुटलेपण नाही. याउलट खरोखर दोन वंश असतील, तर एका विशिष्ट जागी उडी दिसेल. त्या जागेच्या अलीकडे वीस किलोमीटर चाललं तरी फरक नगण्य, आणि पलीकडे दोन किलोमीटर गेलं की एकदम 4 टक्के.

तुमच्या सुदैवाने सोलापूर-मंगळवेढा रस्ता या प्रश्नासाठी अगदी सोयीचा आहे. नान्नजहून सोलापुरात यायचं, तिथून पुढे तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, मग कामतीवरून बेगमपूरला भीमा. दोन नद्या, मुरमाड माळ, काळी जमीन, उसाचे पट्टे, सगळं एका ओळीत. नान्नजकडून चार-पाच, तिऱ्ह्यापाशी सीनेच्या दोन्ही तीरांवरून, कामतीच्या आसपास, बेगमपूरला भीमेच्या अलीकडून आणि पलीकडून, शेवटी मंगळवेढ्याहून चार-पाच. सोबत अक्कलकोट आणि बार्शी या बाजूंचे थोडे नमुने मिळाले तर फारच उत्तम, कारण मग नदी न ओलांडता तेवढंच अंतर कापल्यावर किती फरक पडतो ते कळेल. नंतर प्रत्येक जोडीचं किलोमीटरमधलं अंतर आडव्या अक्षावर आणि जनुकातला फरक उभ्या अक्षावर मांडा. ठिपके एका चढत्या पट्ट्यात आले तर अंतराचा परिणाम. दोन वेगळे ढग दिसले, आणि भीमेच्या दोन काठांवरचे शेजारी वरच्या ढगात गेले, तर नदी किंवा नदीच्या जवळपासचं काहीतरी वंश वेगळे ठेवतंय. उडी नदीवर न दिसता मुरूम संपून काळी सुरू होते तिथे दिसली, तर मला व्यक्तिशः जास्त आनंद होईल, कारण मग जमिनीचा प्रकारच दोन वंशांना वेगळं ठेवतोय अशी शक्यता उभी राहते.

नमुने घेताना आणखी एक काळजी. ऑस्ट्रेलियातल्या लिओफोलिस किंटोरेई या मोठ्या वाळवंटी सापसुरळीवर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास माझ्या फार आवडीचा आहे. मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरूच्या परिसरातले आदिवासी लोक हिला 'चाकुरा' म्हणतात. ही सापसुरळी कुटुंबाने राहते. एकेका बिळाला वीसपर्यंत तोंडं, आत बोगद्यांचं जाळं, बाहेर सगळ्यांची मिळून एक शौचाची जागा. डीएनए तपासल्यावर दिसलं की एका बिळात आई, बाप आणि वेगवेगळ्या वर्षांची त्यांचीच पिल्लं राहतात, आणि ते बिळ वर्षानुवर्षं वापरलं जातं. अशा ठिकाणी एका बिळातून पाच नमुने घेतले तर ते पाच प्राणी असतात, पण जनुकांच्या हिशेबाने एकच घर. आपली युट्रॉपिस असं कुटुंब करत नाही, ती अंडी घालते. पण एकाच गंजीखाली पावसाळ्यात मिळालेली तीन पिल्लं एकाच मादीच्या अंड्यांतून आलेली असण्याची शक्यता मोठी आहे. नान्नजचे तुमचे तीन नमुने एकमेकांपासून किती अंतरावर सापडले, आणि ती पिल्लं होती की मोठी, हे मला तुमच्या प्रश्नात दिसलं नाही. ते नोंदवलंय का बघा.

विविधता आणि वेगळेपण या दोन गोष्टीही प्रबंधात एकमेकांत मिसळू देऊ नका. एका वस्तीच्या आत किती प्रकारची जनुकं आहेत ती विविधता. दोन वस्त्यांत किती अंतर आहे ते वेगळेपण. या दोन्ही एकमेकींना हलवतात. आपल्याकडे माळ तुकड्यातुकड्यांत उरलाय: मधे शेतं, रस्ते, खडी केंद्रं, आणि गवताळ रान म्हणजे पडीक अशा समजुतीने केलेली झाडांची लागवड. अशा छोट्या तुकड्यात अडकलेल्या वस्तीत काही जनुकं निव्वळ योगायोगाने नाहीशी होतात आणि उरलेली सगळ्यांत पसरतात. आतली विविधता घटते, आणि त्यामुळेच बाहेरच्यांशी तुलना करताना ती वस्ती जास्त वेगळी भासते. मायटोकॉन्ड्रियात हे आणखी लवकर होतं, कारण त्याची परिणामकारक संख्या (पुढच्या पिढीत जाऊ शकणाऱ्या प्रतींची) न्यूक्लिअर जनुकांच्या साधारण एक चतुर्थांश असते. तेव्हा नान्नजच्या तिन्ही नमुन्यांत 16एस अगदी हुबेहूब सारखं असेल, तर मी 'नवी जात' म्हणण्याआधी 'एकाकी पडलेली छोटी वस्ती' हा विचार करेन. आणि संवर्धनाच्या दृष्टीने तो निष्कर्ष नव्या जातीइतकाच महत्त्वाचा आहे.

हे सगळं वाचून हिरमुसू नका. दख्खनच्या कोरड्या गवताळ भागात न ओळखलेले वंश आहेत, याबद्दल मला शंका नाही. ऑफिसॉप्स या छोट्या सरड्यांची वंशावळ 2017 मध्ये आली (पापण्या न मिटणारे, माळावर दगडातून दगडात पळणारे हे सरडे बऱ्याच जणांना सापसुरळीच वाटतात). त्यात ओळखलेल्या जातींच्या कितीतरी पट अधिक वेगळ्या शाखा सापडल्या, आणि त्यांच्या वयावरून भारतातली गवताळ राने माणसाच्या शेती-तोडीच्या फार आधीपासूनची असल्याचं दिसलं. गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांमधून 2016 मध्ये साराडा हा नवा जीनसच वेगळा केला गेला, तो महाराष्ट्र-कर्नाटकातला. सापसुरळ्यांवर आपल्या भागात तेवढं बारीक काम झालेलं मला दिसत नाही. म्हणून तुमचे पाच नमुने मोलाचे आहेत.

प्रबंधात सध्या एवढंच लिहा: सोलापूर जिल्ह्यातल्या दोन ठिकाणच्या युट्रॉपिसमध्ये (जात खवल्यांवरून जी ठरेल ती) 16एस जनुकात अमुक टक्के फरक आढळला, नमुन्यांची संख्या आणि मधल्या ठिकाणांचा अभाव पाहता हा फरक अंतरामुळे आहे की वंशभेदामुळे, हे ठरवता येत नाही, पुढील नमुने अमुक ठिकाणांहून घ्यावेत. 'उपजाती' हा शब्दही नको. उपजाती म्हणायलाही दोन्हींची हद्द माहीत असावी लागते, आणि ती आज कुणालाच माहीत नाही. तुमचे मार्गदर्शक तो शब्द सुचवत असतील तर त्यांच्याशी हीच हद्दीची गोष्ट बोला; ते ऐकतील असं वाटतं.

पुढचे नमुने घेण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी काढा. नान्नज माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर मेलेला प्राणी उचलण्यासाठीही ती हवी, आणि बाहेरही कायद्याच्या बाजूने सुरक्षित राहिलेलं बरं. सिक्वेन्सिंगसाठी ऊती परदेशी पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायद्याखाली वेगळी मंजुरी लागते. भारतातच काम होत असताना त्या वाटेला जाऊ नका. परवानगी मिळाल्यावर जिवंत प्राण्याच्या शेपटीचं टोक काही मिलिमीटर पुरतं. ते 95 टक्क्यांहून तीव्र इथेनॉलमध्ये ठेवा, फॉर्मलिनमध्ये कधीही नको, आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला. प्राणी जिथे सापडला तिथेच सोडा. शेतकऱ्यांना सांगायचं राहू देऊ नका, की सापाची मावशी म्हणून जिला काठीने मारतात ती विषारी नाही. एकदा पटलं की तेच लोक तुम्हाला फोन करून सांगतात कुठे दिसली ते. प्रत्येक नमुन्यासोबत जीपीएस, तारीख, जमिनीचा प्रकार, नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी, आणि पाठ, बाजू, गळा यांचे जिवंतपणीचे फोटो.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात बेगमपूरपासून केली असती. भीमेच्या दोन्ही काठांवरून दोन-तीन नमुने मिळाले आणि त्यांचं एनडी2 वाचलं, तरी कुठल्या दिशेने जायचं ते स्पष्ट होईल. नान्नजच्या तीन नमुन्यांचे भिंगाखालचे खवल्यांचे फोटो असतील तर ते इथेच टाका. धारा मोजून जात कॅरिनाटा आहे की मॅक्युलारिया, एवढं तरी लगेच सांगता येईल.